अमावास्येची रेघ

भूकंपाच्या धोक्याचा अभ्यास हे पुढे माझे जन्माचे काम झाले. त्याचा आरंभ मात्र मी मुळशीच्या तलावाकाठी हातून घडलेल्या एका चुकीपासून धरतो.

साठच्या दशकाची अखेर होती. दक्षिणेकडील एका धरणाच्या खोऱ्यात भूकंपाने दगडमातीची घरे माणसांवर कोसळली होती. त्यानंतर आमच्या संशोधनालयाने मुळशीच्या उघड्या कातळावर एक खोली उभारून तीत कंपमापक बसवला आणि मला तेथे पाठवले. पाठशाळेत संस्कृताचे अध्ययन करून मग पदार्थविज्ञानाकडे वळलेला मी तेव्हा तिशीच्या आत होतो. जवळच्या वाडीत मुलांची शाळा बांधायला घेतली होती. जमीन हलत नसेल, तर भिंती नुसत्या दगडमातीच्या. हलत असेल, तर खिडक्यांच्या माथ्यावर चहूबाजूंनी भिंती बांधून ठेवणारा सागवानी पट्टा घालून. हे माझ्या अहवालावर ठरायचे होते.

काजळी धरलेला कागद नळकांड्यावर फिरे आणि सुई त्यावर पांढरी रेघ ओढी. स्नानसंध्या आटोपून मी रोज आदल्या दिवसाचा कागद उतरवी आणि लाखेच्या द्रावणात बुडवून काजळी पक्की करी. पहिल्या आठवड्यात सूर्योदयाच्या सुमारास रेघ रोज थरथरलेली पाहून मी ते भूकंपाचेच धक्के समजलो होतो. मागाहून उलगडा झाला: त्याच कातळात कोरलेल्या उखळांत वाडीतल्या बायका भात कांडत होत्या. तेव्हापासून त्या वेळेची थरथर दिसली, की मी शेजारी पेन्सिलीने ‘क’ लिही आणि ती गणतीतून वगळी.

दोन महिन्यांनी अहवाल पुरा झाला. ‘येथे स्थानिक कंप आढळत नाहीत.’ शेवटच्या कागदावर ‘क’ लिहून मी अहवालाचे पाकीट पौडाच्या टपालात टाकून आलो. परतताना कांडपातली वडीलधारी आजी उखळापाशी बसलेली दिसली. मी सहज म्हणालो, “आजी, काल तुमच्या मुसळांनी माझी सुई फार नाचवली.”

“काल?” ती हसली. “काल आवस न्हवती का? आवसंला आमी मुसळाला हात लावत न्हाई. पंचांग वाचतायसा नि आवस इसरतायसा व्हय, शास्त्रीबुवा?”

विसरलो कुठे होतो? आदल्या सकाळीच मी ओढ्यावर पितरांचे तर्पण केले होते. धावत खोलीत जाऊन कागद भिंगाखाली धरला. कांडपाची थरथर एकसारखी आणि लांबट असे. ही रेघ एकदम उसळून निमुळती होत गेली होती. मी केवळ वेळ पाहिली होती, आकार पाहिलाच नव्हता.

टपाल कधीच पुण्याकडे गेले होते. दुसऱ्या पाकिटात मी लिहिले: ‘पहिला अहवाल ग्राह्य धरू नये. चूक माझी आहे.’ नेमणूक जाईल याची धास्ती होतीच, पण तिच्याहून मोठी धास्ती समोर उभी राहत होती. शाळेची भिंत रोज दोन थर चढत होती. काम थांबवावे म्हणून मी गवंड्याला हात जोडले.

“जिमीन हलत न्हाई म्हून तुमीच लिवलंत, आता हलतीया म्हनताय,” तो थापी न थांबवता म्हणाला. “कागुद दावा, मंग थांबतो.”

कागद नव्हता. तो देणारे वरिष्ठ त्या भूकंपग्रस्त खोऱ्यात दौऱ्यावर होते. दररोज संध्येनंतर मी भिंतीपाशी जाई आणि थर मोजी. जपाची माळ हाती असूनही मन दगडांवर जाई. झोपेतून उठल्यावर पाय टेकण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागण्याचा संस्कार मला लहानपणीचा. त्या दिवसांत ते शब्द उच्चारताना जीभ अडखळे.

नवव्या दिवशी उत्तर आले. सोबत बांधकामासाठी पट्ट्याचा आदेश होता आणि मला एवढेच लिहिले होते: ‘आधीचे सर्व “क” पुन्हा तपासून पाठवावेत.’ मी धावत शाळेवर गेलो. भिंत खिडक्यांच्या माथ्यापर्यंत आली होती. गवंड्याने आदेश उलटसुलट करून पाहिला, थापी खाली ठेवली आणि म्हणाला, “अजून एक दिस उशीर केला असता, तर उतरवायची पाळी आली असती बगा.”

मी परतलो, दोन महिन्यांचे कागद जमिनीवर पसरले, शेजारी पंचांग उघडले आणि नव्याने तपासण्यासाठी पहिला ‘क’ खोडरबराने पुसला.