गच्चीवरून अरुंधती दिसत नाही

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या बर्फात होती. मी सुभेदार, आणि नाईक निलेश साळवी माझ्या हाताखाली. तो ठाण्याच्या कोपरीचा, मी डोंबिवलीच्या कोपरचा. पलटणीत सगळे आम्हाला एकाच गल्लीतले समजत. आम्ही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

पोस्टवर करमणूक म्हणजे पत्ते आणि आकाश. पत्ते लवकर फाटले. मग अंधार पडला की मी जवानांना तारे ओळखायला लावायचो. एप्रिलमध्ये पश्चिमेला मृग कलंडलेलं असतं, त्याच्यामागे व्याध, डोक्यावर सिंह. ईशान्येला सप्तर्षी: चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांतून रेघ ओढली की ध्रुव. बाकी सगळं विसरा, ध्रुव विसरलात तर तंगडी मोडून हातात देईन, असं मी बजावलं होतं.

शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून बारीकशी अरुंधती. नजर तीक्ष्ण असेल तरच दिसते. निलेशला ती पहिल्या फटक्यात दिसली आणि तो हसायला लागला. त्याचं लग्न कोपरीच्या एका हॉलमध्ये झालं होतं. गुरुजींनी खिडकीबाहेर हॅलोजनच्या दिशेने बोट करून अरुंधती दाखवली, आणि रीतीप्रमाणे नवरा-नवरीने 'दिसली' म्हणून टाकलं.

"साहेब, आम्ही दोघं खोटं बोललेलो," तो म्हणाला. "सुट्टीत अश्विनीला खरी दाखवणार. मुरबाडला मामाकडे नेतो, तिकडे काळोख असतो."

सुट्टी मंजूर झाली होती.

त्याच आठवड्यात मी गस्त घेऊन निघालो, निलेश आणि मी धरून सहा जण. परतताना धुकं उतरलं आणि वाटेवरचे झेंडे दिसेनासे झाले. जीपीएस थंडीने बंद पडला. कंपासची सुई अडकत होती. आम्ही जागीच थांबलो.

"लोकेशन बताओ. ओव्हर," वायरलेसवर पोस्टने विचारलं.

"पक्की नहीं. रुके हैं. ओव्हर," मी म्हणालो.

एका जवानाचे पाय बधिर होत चालले होते. रात्र तिथे काढली असती तर तो वाचला नसता. अंधार पडल्यावर धुकं जरासं फाटलं. फटीतून तीन-चार तारे दिसले, पण ते कुठले ते मला कळेना.

"साहेब, तो वसिष्ठ," निलेश म्हणाला. "अरुंधती आहे शेजारी."

तेवढ्या खुणेवरून शेपटी लागली, फट सरकली तसा चौकोन आणि मग ध्रुव. पोस्ट उत्तरेला होती. मी दोर बांधायला लावला आणि निलेशला पुढे घातलं, कारण डोळे त्याचे होते. निर्णय माझा होता. आजही तोच घेईन. म्हणून काही बरं वाटत नाही.

पोस्टचा दिवा दिसायला लागला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ खचला. खाली खोल भेग होती. दोर आम्ही सोडला नाही. वर काढला तेव्हा त्याचा श्वास चालू होता, पोस्टवर पोचेपर्यंत थांबला. बधिर पायांचा जवान आज शेती करतो.

अश्विनी दर एप्रिलला त्या तारखेला आमच्याकडे कोपरला येते. जेवण झालं की आम्ही गच्चीवर जातो. चारी बाजूंना टॉवर, खाली मेट्रोच्या कामाचे फोकस. सप्तर्षी कसेबसे दिसतात. मुरबाडला न्यायला मी पहिल्याच वर्षी तयार होतो. ते नेणार होते, आता नको, असं ती म्हणाली होती. मी परत विषय काढला नाही.

यंदा जिने चढतानाच मला दम लागला. वर जाऊन मी नेहमीप्रमाणे विचारलं, दिसली का.

"नाही काका. एकदा खोटं बोललेय, परत नाही बोलणार." मग तिने विचारलं, "त्यांना नक्की दिसलेली ना?"

ती रात्र मी तिला कधी पूर्ण सांगितली नव्हती. सांगणं जिवावर यायचं. आता थकलोय, म्हणून सांगून टाकलं.

"दिसलेली," मी म्हणालो. "त्याला दिसली म्हणून आम्ही पाच जण घरी आलो."

तिने कठडा धरून परत उत्तरेकडे पाहिलं.

"येत्या अमावस्येला मुरबाडला न्याल मला?"

मी हो म्हणालो. निलेशची ती सुट्टी अजून बाकी आहे.