आईला वसईला नेलं तो रविवार

“वहिनींना अजून सांगितलं नाहीस?”

काकांनी अगदी हळू विचारलं होतं. पण गाडीच्या मागच्या काचा खाली होत्या आणि मी आत वाकून सीटखाली सरकलेली आईची चप्पल काढत होते. पप्पा डिकीला टेकून उभे होते. म्हणाले, “तुझ्या आईचं ऐकेल ती. नर्स होती म्हटल्यावर ऐकेल.”

मी चप्पल हातात धरून तशीच वाकून राहिले. ते दोघं बाजूला होईपर्यंत बाहेर यायचं नाही, एवढंच सुचलं.

अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर गाडी उभी होती. काका म्हणजे पप्पांचे फॅक्टरीतले मित्र. मूळचे वसईचे, ख्रिस्ती. आठवडाभर अंबरनाथला खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला घरी जायचे. सहल त्यांनीच ठरवली होती. आधी हे देऊळ, मग वसईचा किल्ला, त्यांच्या घरी जेवण, घरी केलेली वाईन, आणि उन्हं उतरली की समुद्र. पप्पांनी उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पातून अ‍ॅम्बॅसेडर भाड्याने आणली होती. आमच्या घरात गाडी आजवर फक्त लग्नासाठी ठरवली गेली होती, त्यामुळे आई बदलापूरपासून विचारत होती की एवढा थाट कशासाठी. पप्पा सांगत होते, हवापालट.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आईसाठी खाट मिळाली होती. सोमवारी आला नाहीत तर ती खाट दुसऱ्याला जाईल आणि पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी पप्पांना स्पष्ट सांगितलं होतं. आणि आई जायला तयार नव्हती.

ती तयार नव्हती, कारण मी तिला रिपोर्ट वाचून दाखवला होता.

घरात इंग्रजी फक्त मला यायचं. पप्पांना फॅक्टरीतला मेमो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, म्हणून त्यांनी मला हट्टाने कॉन्व्हेंटात घातलं. चौथीत असल्यापासून घरातले आणि बिल्डिंगमधलेही कागद माझ्याकडे येऊ लागले. बँकेच्या नोटिसा, औषधांच्या बाटल्या, कुणाच्या तरी दुबईच्या नोकरीचं पत्र. चार माणसांत बोलायला मला कधी जमलं नाही, इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. पण कागद वाचताना कुणी माझ्याकडे बघत नसे, सगळे कागदाकडे बघत, म्हणून ते मला आवडायचं.

आईच्या छातीत गाठ होती. तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. पप्पांनी मला जिन्यातच गाठलं आणि पाकीट हातात दिलं. त्यातला एक शब्द मला बायोलॉजीमुळे माहीत होता. मी तो मराठीत सांगितला. पप्पा पायरीवर बसले. शेजारच्या बाई भाजी घेऊन वर चालल्या होत्या, त्यांना वाट द्यायला ते उठले, हसून काहीतरी बोललेही, आणि मग पुन्हा बसले.

माझ्या मोठ्या मावशीला अशीच गाठ झाली होती. ऑपरेशन झालं आणि चार महिन्यांत ती गेली. तेव्हापासून आईचं मत पक्कं होतं की चाकू लागला की आतलं भडकतं, मावशीला गाठीने नाही, चाकूने मारलं. पप्पा म्हणाले, कॅन्सर म्हटलं तर ती ऑपरेशन टेबलाच्या जवळ जाणार नाही. तिला सांग साधी गाठ आहे, काढून टाकली की झालं. साधं आहे म्हटल्यावर घाबरणार नाही, येईल.

मला ते पटलं. आईला आवडायचं तसं ओळीखाली बोट फिरवत मी वाचलं. बोट एका ओळीवर होतं आणि तोंडातून दुसरंच येत होतं. आई लक्ष देऊन ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “साधीच आहे ना? मग कशाला कापायची? राहू दे की. खायला मागते का ती?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांपैकी एकालाही हे आधी सुचलं नव्हतं.

त्यानंतरचे बारा दिवस पप्पा तिच्या भोवती फिरत होते. कधी चिडून, कधी हात जोडून, कधी डॉक्टरांचं नाव पुढे करून. आई प्रत्येक वेळी रिपोर्टवर बोट ठेवायची. पोरीने वाचलाय, तिला काय इंग्रजी येत नाही? आता खरं सांगितलं तर ती कुणाचंच ऐकणार नाही, असं पप्पांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, का मी नुसतीच भित्री होते, हे मला आज सांगता येत नाही. गाठ मात्र वाढत होती. आईने ब्लाऊज उसवून सैल केले होते आणि मशीनवर बसून गाणं गुणगुणत ते शिवले होते.

देवळाशी आई आधी बाहेरच थांबली. आम्ही बौद्ध. इतकी वर्षं पुढच्याच स्टेशनावर, बदलापूरला राहून तिने ते देऊळ पाहिलं नव्हतं, पाहायचा प्रश्नच आला नव्हता. काका म्हणाले, “मी तरी कुठे हिंदू आहे वहिनी? आपण दोघं दगड बघायला आलोय असं समजा.” आई हसली आणि आत आली. बाहेरच्या भिंतीवरची काळ्या दगडातली माणसं ती फार निरखून बघत होती. एका बाईच्या मूर्तीचं नाक, हात आणि छाती झिजून गेली होती. तिथे आई इतका वेळ उभी राहिली की मीच पुढे गेले. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. दोन पायऱ्या उतरून तिला दम लागला. ती वर येऊन बसली आणि पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीकडे बोट करून म्हणाली, “वाच गं, काय लिहिलंय.”

पाटीवर मराठीही होतं. पण तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. मी वाचलं. वास्तू संरक्षित आहे, नुकसान करणाऱ्याला शिक्षा होईल. “बघा,” ती काकांना म्हणाली, “घडाघडा वाचते.”

भिवंडी, कामण असं करत वसईला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. ड्रायव्हर उल्हासनगरचा सिंधी होता. खड्डा आला की “संभालके माताजी” म्हणायचा, आणि आई प्रत्येक वेळी “मी काय म्हातारी आहे का” असं मराठीत उत्तर द्यायची. सगळे हसायचे. पप्पा जरा जास्तच जोरात हसायचे.

किल्ल्यात पडक्या चर्चच्या जमिनीवर मोठाल्या शिळा आहेत, त्यांच्यावर अक्षरं कोरलेली. मेलेल्यांची नावं, काकांनी सांगितलं. आईने मला जवळ बोलावलं. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, हे पोर्तुगीज आहे, मला नाही येत. तिला गंमत वाटली. “म्हणजे तुलाही न येणारं काहीतरी आहे,” ती म्हणाली आणि दम खायला त्या शिळेवरच बसली. मला तिला तिथून उठवायचं होतं. का ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी पाण्याची बाटली गाडीत राहिली असं सांगून निघून आले. गाडीजवळ कुणी नव्हतं. तिथे मी तोंडावर ओढणी दाबून धरली आणि शंभरपर्यंत आकडे मोजले.

काकांची आई ऐंशीच्या पुढची होती, पण ताठ. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. जेवण झाल्यावर काकांनी तीन बाटल्या आणि छोटे ग्लास ओळीने मांडले. एक द्राक्षांची, एक जांभळाची, एक आल्याची. पप्पांनी तिन्हींची चव घेतली. प्रत्येक घोटानंतर ते डोळे बारीक करून मान हलवत होते.

“एवढा विचार करून माझी भाजी कधी खाल्ली नाहीत,” आई म्हणाली.

“भाजीला मुरायला दोन वर्षं लागत नाहीत,” पप्पा म्हणाले.

“तुमच्या घरात मी मुरले, वीस वर्षं.”

म्हातारी खूप हसली. मग तिने आईचा हात हातात घेतला आणि ज्यासाठी आम्ही आलो होतो ते बोलायला लागली. हॉस्पिटल चांगलं आहे, भूल देतात, काही कळत नाही, पोरी, जाऊन ये. आईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “आजी, तुम्ही जाणत्या आहात. साध्या गाठीला कुणी कापतं का?” म्हातारीने पप्पांकडे बघितलं. पप्पा ग्लासाकडे बघत होते. मग म्हातारीने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की तिलाही सगळं माहीत आहे. साधी गाठ हा शब्द तिच्या तोंडून निघेना. तिने विषयच सोडला. जांभळाची बाटली पुढे ओढली आणि म्हणाली, “हे तरी घे जरा. अंगात रक्त येईल. आमच्यात बाळंतिणीला देतात.”

आई आजवर दारूला शिवली नव्हती. रोज सकाळी बुद्धाच्या फोटोपुढे उदबत्ती लावून ती पंचशील म्हणायची, आणि त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं आहे. पप्पा कधी बाहेरून घेऊन आले तर त्या दिवशी ती त्यांचं ताट वाढून ठेवायची आणि स्वतः बाल्कनीत जेवायची. तिने ग्लास बोटाने मागे सारला. मग थांबली.

“याने गाठ बसते का, आजी?”

म्हातारी म्हणाली, ताकद येते.

आई माझ्याकडे वळली. “औषध म्हणून घेतलं तर चालेल का गं? तू शिकलेली आहेस, तू सांग.”

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. या वेळी माझ्या हातात कागद नव्हता. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते मी तिच्याच मांडीवर बसून पाठ केलं होतं.

“चालेल,” मी म्हटलं.

तिने डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटली आणि औषध घेतात तसा ग्लास एका दमात रिकामा केला. तोंड वाकडं केलं. मग खूप मोकळी होऊन पप्पांना म्हणाली, “चला. आता उद्या जायची काही गरजच नाही.”

पप्पा उठले आणि विहिरीकडे गेले. तोंड धुतल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

समुद्रावर सुरूची झाडं होती आणि ओहोटी लागली होती. पाणी लांब गेलं होतं. पप्पा आणि काका गाडीपाशीच थांबले. पप्पा पाठमोरे होते. आई आणि मी ओल्या वाळूतून चालत गेलो. पाणी घोट्याला लागलं तशी तिने साडी वर खोचली आणि डावा हात नकळत छातीशी धरला. हल्ली ती तो हात असाच धरायची. चालताना, झोपताना, भाकरी थापायला बसण्याआधी. तिच्या ते लक्षातही येत नसे.

ती बोलत होती. पुढच्या वर्षी मामाच्या पोरांना आणू. तुला नोकरी लागली की आपण पुन्हा येऊ, तेव्हा गाडी तू करायची. म्हातारी किती चांगली आहे, एक बाटली बरोबर देते म्हणाली, रोज अर्धा कप घेतला तर महिन्यात फरक पडेल. ती महिना म्हणाली तेव्हा मी डॉक्टरांनी सांगितलेला सोमवार मनात धरून बसले होते. सोमवारला आता एक रात्र होती. पप्पा बोलणार नव्हते. काका, म्हातारी, कुणीच बोलणार नव्हतं. सगळ्यांनी माझ्यावर सोपवलं होतं असं नाही. सगळे माझ्या वाचण्यामागे लपले होते, आणि मीसुद्धा.

एक लाट आली आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. तिने माझा खांदा पकडला. तिची बोटं किती बारीक झाली होती ते मला तेव्हा कळलं.

“उद्या सकाळी लवकर ऊठ,” ती म्हणाली. “स्टेशनजवळच्या पीसीओवरून हॉस्पिटलला फोन कर. सांग, पेशंट येत नाही, गाठ साधी आहे. इंग्रजीत सांग म्हणजे ते उलट विचारणार नाहीत.”

मी पाण्याकडे बघून बोलायला लागले तर तिने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. तिला वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं. जवळ येऊन तिने विचारलं, काय म्हणालीस?

मी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने, गाडीपाशी उभ्या असलेल्या पप्पांनीही मागे वळून बघितलं इतक्या मोठ्याने.

“मी फोन करणार नाही, आई. मी तुला खोटं वाचून दाखवलं. त्यात कॅन्सर लिहिलंय.”