नंदाताईंची मदतनीस फाईल मी काढणार नाही

नाही करत डिलीट. काय करायचं ते करा.

आज नंदाताईंना जाऊन वर्ष झालं. आणि नेमका आजच सकाळी पुण्याहून आमच्या टीम लीड साहेबांचा मेसेज: "ती हेल्पर्सची वेगळी फाईल काढा. सगळी छोटी फंक्शन्स मुख्य फंक्शनच्या आत घ्या. कोड क्लीन दिसला पाहिजे."

क्लीन म्हणे!

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ताई जानेफळच्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि पन्नाशीनंतर 'आर' ही कॉम्प्युटरची भाषा शिकल्या, कारण आमच्या बुलढाण्याच्या ऑफिसात पावसाचे आकडे सांभाळायला माणूस मिळत नव्हता.

रोज सकाळी गावोगावचे आकडे येतात. आमचा कोड ते तपासतो. अकरा वाजता शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो: पेरा, किंवा थांबा.

त्या मेसेजवर लोक बियाणं मातीत टाकतात हो.

ताईंची पद्धत साधी होती. तारीख सुधारणारं एक फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा कोडचा छोटा तुकडा, गावाचं नाव सुधारणारं दुसरं, पावसाचा आकडा तपासणारं तिसरं. सगळी 'मदतनीस' नावाच्या एका फाईलमध्ये, मुख्य कोडच्या बाहेर.

मी तेव्हा नवीन होते, आणि दीडशहाणी. तिन्ही फंक्शन्स एकाच्या पोटात कोंबली.

"काऊन वं, आत काऊन टाकले?"

"नीटनेटकं दिसते ना, ताई."

"दिसते. पन चूक झाली तं एकेकाले बोलावून इचारशील कशी? बाहेर ठेव. यादीतली एक ओळ दे, काय उत्तर देते ते पाह्य. मंग दुसऱ्याले इचार."

एकदा मी मदतनीस फाईल दुरुस्त केली, सेव्ह केली, तरी तासभर तीच चूक. रडकुंडीला आले. फाईल पुन्हा लोडच केली नव्हती, आर आपलं जुनंच फंक्शन चालवत बसलं होतं. ताई ओरडल्या नाहीत. मुख्य कोडच्या पहिल्या ओळीतच फाईल लोड करायची सोय करून दिली.

आता सोनाळा गावाची गोष्ट.

जून महिना. आदल्या दिवशी याच साहेबांनी कोड 'सुधारला' होता. सगळे हेल्पर आत. वर आणखी एक हुशारी: आकडा वाचता आला नाही तर एरर द्यायचीच नाही, गुपचूप शेजारच्या गावाचा आकडा भरायचा.

सकाळी यादीत सोनाळ्याला भरपूर पाऊस दिसला. मेसेज तयार: पेरा.

ताईंची बहीण सोनाळ्यालाच दिलेली. ताईंनी फोन लावला.

"पानी? कायचं पानी, बाई! धूळ उडून राह्यली इथं."

दहा वाजून गेले होते. ताईंनी आत कोंबलेली फंक्शन्स पुन्हा बाहेर काढली आणि सोनाळ्याची ओळ एकेकाला देऊन पाहिली. तारीख बरोबर. गाव बरोबर. तिसऱ्यात चोर सापडला.

आमच्याकडे फॉर्मवर शून्य लिहीत नाहीत, 'निरंक' लिहितात. सोनाळ्याच्या माणसानं तेच लिहिलं होतं. कोडला ते कळलं नाही, आणि त्यानं शेजारचा पाऊस सोनाळ्यात पाडला.

मेसेज थांबवला. साहेब फोनवर चिडले. "मॅडम, एरर आली की सगळं अडकतं!"

"अडकू द्या ना. चूक झाली तं बोंबलली पाह्यजे. गप्प राहून खोटं सांगनारं फंक्शन मले नाही पाह्यजे."

"तुमची भाषा जरा..."

"भाषा हेच राहीन, साहेब. तुमी कोड सुधारा."

मी शेजारीच उभी होते. इतका अभिमान मला स्वतःचा निकाल लागला तेव्हाही वाटला नव्हता.

मागच्या वर्षी ताईंचं हृदय बंद पडलं. काही कळायच्या आत गेल्या. मला अजून राग येतो, कोणावर ते माहीत नाही.

साहेबांना उत्तर पाठवलंय: "फाईल राहील. बाहेरच राहील. मला काढायचं तर काढा."

आज साडेदहाला कोड अडकला. धामणगाव बढे गावाचा आकडा वाचता येईना. लाल एरर, कोणत्या फंक्शनमध्ये तेही नावानिशी. मी गावात फोन केला, आकडा विचारला, भरला. मेसेज अकराच्या जागी अकरा दहाला गेला.

खरा गेला.

ताई, तुमच्या फोटोला फुलं वाहिली, हात जोडले. फार आठवण येते तुमची.

येते आता. तीनला साहेबांसोबत मीटिंग आहे, आणि तिथं मी गप्प बसणार नाही.