तीन रिकाम्या सीट

मंडळी, काल जुन्या पेट्रोल गाडीच्या जागी आमची छोटी, चार सीटची इलेक्ट्रिक गाडी आली. पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि मी अख्ख्या बिल्डिंगला पेढ्यांसोबत पर्यावरणावर भाषणही वाटलं.

तळमजल्यावरच्या काकांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "धूर गेला, छान झालं. पण रोज तीन रिकाम्या सीट हिंजवडीला नेता, त्यांना तिथे काय काम असतं?"

असला राग आला! पेढा परत मागावासा वाटला.

आज सकाळी खाली उतरले, तर काकांची सून नेहा आणि वरच्या मजल्यावरचा फारूक डबे घेऊन माझ्या गाडीपाशी उभे. दोघांचीही ऑफिसं हिंजवडीतच. "काकांनी पाठवलं," फारूक ओशाळून म्हणाला.

ट्रॅफिक नेहमीइतकंच होतं. पण नेहाची थालीपीठं वाकडच्या आधीच संपली आणि हसून हसून पोट दुखलं.

संध्याकाळी परतलो, तेव्हा त्या दोघांच्या पेट्रोलच्या गाड्या पार्किंगमध्ये जागच्या जागी होत्या. इलेक्ट्रिक गाड्यांनी हवामान सुधारेल का, ठाऊक नाही. पण आज दोन गाड्या घरी राहिल्या, हे डोळ्यांनी पाहिलं.

उरलेले सगळे पेढे घेऊन काकांचे आभार मानायला गेले. ते म्हणाले, "अजून एक सीट रिकामी आहे."

उद्या सकाळी कर्वेनगरहून निघतेय. कोण येतंय?