मेजरसाहेबांचे बत्तीस फटके

आता माझ्या शहाणपणाची काय कथा सांगू तुम्हाला! चहाचा घोट जरा बेतानं घ्या. मागे हे ऐकताना एकाला असा ठसका लागला की बशी फुटली.

मी मूळचा वेवजीचा, गुजरातच्या अगदी हद्दीवरचा. तलासरीच्या रस्त्यावर बारा वर्षं मुकादम होतो. काम एकच, खड्डे बुजवणं. साहेबाची जीप येणार अशी कुणकुण लागली की आम्ही मुरूम टाकून, पाणी मारून, ठोकून रस्ता असा करायचो की जीपमध्ये बसून साहेबानं दाढी करावी!

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं, तेव्हाची गोष्ट. डहाणूच्या होमीशेठनी मला बोलावणं पाठवलं. होमीशेठ म्हणजे मोठे चिकूवाडीवाले. धाकट्या डहाणूच्या खाडीकडे त्यांचं गवताचं रान होतं. शेठ विलायतेला जाऊन आले आणि येताना डोक्यात गोल्फ घेऊन आले. रानात नऊ भोकं पाडली, भोवती हिरवळ केली आणि मला म्हणाले, "गणपत, तू रस्ता सरस ठेवतो, हे पण ठेव. आजपासून तू सुपरवायझर."

सुपरवायझर! घरी जाऊन बायकोला तीनदा म्हणून दाखवलं.

खेळ मला एवढाच कळला. काठीनं चेंडू मारायचा, चालत जायचं, पुन्हा मारायचा, असं भोकात पडेपर्यंत. कमी फटक्यांत संपवेल तो जिंकला. पण एक गोष्ट मला भारी खटकायची. मैदानात जागोजागी कमरेएवढे खड्डे आणि त्यात नुसती वाळू! चेंडू त्यात पडला की शेठ गुजरातीत जे काय बोलायचे ते मला पुरतं कळायचं, वेवजीचा ना मी. पण ते चहाबरोबर सांगण्यासारखं नाही. मला वाटायचं, एवढा शिकलेला माणूस, खड्ड्यात मुरूम टाकायचा सोडून वाळू का टाकतो?

एक दिवस शेठ तोंड पाडून आले.

"गणपत, मुंबईहून मेजरसाहेब येते. आपलं मैदान किती कठीण, ते नक्की करणार. आकडा चांगला आला तर दर साल मुंबईची मॅच इथे. नाय आला तर माझे भाऊ ऐकणार नाय. सगळीकडे चिकू लावून टाकणार."

 मैदानावर पाड्यावरची अठरा माणसं बारमाही कामाला होती. चिकू लावले की त्यांना पुन्हा मजुरीसाठी दारोदार फिरणं आलं. आणि मी? मी परत मुकादम!

"मी उदवाड्याला भाचीच्या लग्नात असणार," शेठ म्हणाले. "तू सांभाळ हां. मेमानला काय तकलीफ नाय पडली पाहिजे."

झालं! तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? रस्ता कठीण झाला की साहेब तपासायला येतो, हे मी बारा वर्षं बघितलेलं. मी ताडलं, कुणीतरी वर तक्रार केलीय. मैदान फार कठीण आहे म्हणून!

सगळ्यांना गोळा केलं. "खड्डे बुजवा!"

जान्या आमच्यातला सगळ्यात जुना गडी. तो फावड्यावर रेलून म्हणाला, "मुकादम, शेटनी ते मुद्दाम खणलेत."

"मुद्दाम खड्डा कोण खणतो रे?"

"आम्ही खणतो. रानडुकरासाठी."

"मग इथे रानडुक्कर कोण आहे?"

जान्यानं नाव न घेता फावडं उचललं. शेठचं मीठ खाल्लेलं होतं त्यानं.

चार दिवस आम्ही राबलो. खड्डे बुजवून वर हिरवळीचे तुकडे बसवले. उंच गवत कापलं. नाल्यावर फळ्या टाकून माती पसरली. भोकंसुद्धा घागरीएवढी करणार होतो, पण जान्यानं पहार लपवली.

मेजरसाहेब डहाणू रोडला उतरले. झुपकेदार मिशा, हातात वही, बोलणं मोजकं. आधी त्यांनी प्रत्येक होलचं अंतर मोजलं. मग विचारलं, "अडथळे कुठायत?"

"साहेब," मी छाती काढून म्हणालो, "एकही शिल्लक ठेवला नाही!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, शाबासकीच असणार.

मग ते स्वतः खेळायला लागले. मी वाटेवर सगळीकडे माणसं पेरून ठेवली होती. पाहुण्याचा चेंडू चिखलात जावा आणि आपण बघत राहावं, ही काय रीत झाली? गवतात गेला की तिथला गडी हळूच उचलून मोकळ्यात ठेवायचा. पाचव्या होलला तर चेंडू सरळ खाडीत गेला. जान्या ढोपरभर चिखलात उतरला, चेंडू धोतराला पुसला आणि भोकापासून वीतभर अंतरावर ठेवून आला.

मेजरसाहेब आले, बघत राहिले. "वाऱ्यानं साथ दिली," म्हणाले.

"इथला वारा पाहुण्यांना फार मानतो, साहेब!"

नऊ होल झाले. बत्तीस फटके! मेजरसाहेबांचा चेहरा फुलून आला. "गणपतराव, तीस वर्षांत असा खेळलो नाही!"

"मग साहेब, पास ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "तेच तर वाईट वाटतं. पट्टीच्या खेळाडूला जेवढे फटके लागतील तो मैदानाचा आकडा. आकडा जेवढा मोठा तेवढं मैदान अवघड, आणि अवघड मैदानावरच चांगले खेळाडू येतात. वाळूचे खड्डे, नाला, उंच गवत, याचसाठी तर मुंबईहून यायचं! इथे कोण येणार? शेठना सांगा, चिकू मात्र छान येतील."

पायाखालची जमीन सरकली. आणि तीसुद्धा मीच सपाट केलेली!

मागे अठरा माणसं उभी होती. गप्प बसलो असतो तर माझी अब्रू वाचली असती, पण मैदान गेलं असतं. मी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं.

मेजरसाहेबांनी वही उघडली.

"तो पाचव्या होलचा फटका?"

"खाडीत गेला होता, साहेब."

"आणि आठव्याचा?"

"तो ताडाला आपटून नाल्यात पडला होता."

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "मी बायकोला तार करणार होतो."

मला इतकी लाज वाटली की एखादा खड्डा शिल्लक असता तर त्यात उतरलो असतो. पण मिशा थरथरायला लागल्या आणि मेजरसाहेब असे हसले की खाडीवरचे बगळे उडाले.

"खणा!" ते म्हणाले. "मी तीन दिवस थांबतो."

काय खणलं हो माणसांनी! जान्याला एकेका खड्ड्याचा आकार तोंडपाठ होता. गवत तेवढं परत वाढवता आलं नाही, ते साहेबांनी हिशेबात धरलं. चौथ्या दिवशी ते पुन्हा खेळले. मला गवताच्या कोठारात बसवून बाहेरून कडी घातली होती. तरी मला ऐकू येत होतं. मेजरसाहेब तीन भाषांत ओरडत होते आणि दर ओरडण्याला मला वाटत होतं, वाचलो, अजून थोडे वाचलो!

शेठ उदवाड्याहून परतले तेव्हा अहवाल टेबलावर होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "मैदानाचा आकडा सदतीस. सुपरवायझर हजर असल्यास बत्तीस."

चिकू कुंपणापलीकडेच राहिले. दर साल मुंबईची मॅच येते, अठराची आता पंचवीस माणसं झालीत, आणि मी अजून सुपरवायझर आहे. मॅचच्या दिवशी मला भरपगारी रजा असते. होमीशेठ स्वतः मला डहाणू रोडला सोडायला येतात, तिकीट काढून हातात देतात आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावरून हलत नाहीत.