दुसरी रेघ

लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या फ्लॅटमध्ये कडी लावून रडायला बाथरूम ही एकच जागा. एचआयव्हीची टेस्टही मी तिथेच केली. सकाळी नवऱ्याने मान खाली घालून सांगितलं होतं, "मी पॉझिटिव्ह निघालोय. क्लिनिकने तुझ्यासाठी किट दिलंय. करून घे." जणू कोलेस्टेरॉल तपासायचं होतं! आणि साहेब ट्रेन पकडून ऑफिसला चालते झाले.

बोट टोचलं. रक्ताचा थेंब पट्टीच्या खळग्यात सोडला, वर बाटलीतलं औषध. ते पट्टीवरून हळूहळू सरकत जातं. विषाणूशी लढायला शरीराने अँटिबॉडीज तयार केल्या असतील, तर त्या पट्टीवर छापलेल्या 'टी' अक्षरापाशी अडकतात आणि रेघ उमटते. शेजारच्या 'सी'ची रेघ फक्त टेस्ट नीट चालली एवढंच सांगते. लागण अगदी नवी असेल तर अँटिबॉडीज नसतात, पट्टी काहीच बोलत नाही. नको बोलूस गं बाई, मी तिला हात जोडले.

'सी' आली. मग 'टी'पाशी फिकट गुलाबी काहीतरी. खिडकीपाशी नेऊन बघितलं. मेली रेघच होती. फिकट असली तरी धरायची, लॅबमध्ये रक्त तपासून खात्री करायची, असं किटमधल्या कागदावर होतं. औषधं घेऊन माणसं पूर्ण आयुष्य जगतात, हेही होतं. असेल खरं. नळ सोडून ढसाढसा रडले, कारण बाहेर सासूबाई होत्या.

लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाळणा हलेना, म्हणून त्या नागपूरहून आल्या होत्या. रोज कसला ना कसला उपास.

"अगं, किती वेळ? मला जायचंय," त्यांनी दार ठोठावलं. तोंड धुऊन बाहेर आले. पट्टी खिडकीतच राहिली, हे किचनमध्ये गेल्यावर आठवलं. तोवर त्या पट्टी घेऊन समोर उभ्या. नणंदेला दिवस गेले तेव्हा त्यांनी अशीच पट्टी बघितली होती.

"लबाडे, आमच्यापासून लपवतेस होय? दोन रेघा!" त्यांचे डोळे वाहत होते. डब्यातली चिमूटभर साखर त्यांनी माझ्या तोंडात घातली.

"अहो आई, ते..."

त्यांनी मुलाला फोन लावलाही होता. "अरे, तुझ्या बायकोने टेस्ट केली. दोन रेघा आल्यात, दोन!"

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

"बघ," त्या मला जवळ घेत म्हणाल्या, "आनंदाने बोलतीच बंद झाली त्याची."