दोनशे चौदा वेळा ‘मारलं’

माझा थोरला भाऊ ई-पुस्तकांच्या फायली दुरुस्त करतो. ई-पुस्तक म्हणजे गाठोडं असतं, आत प्रकरणागणिक एकेक फाइल. शंभर ठिकाणी एकच चूक असली की हा चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे सगळीकडे एका फटक्यात बदल करणारा संगणकाचा हुकूम, लिहितो, बटण दाबतो आणि चहाला उठतो. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. तो नऊ वर्षांचा असताना बाबांनी फोडला.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि कुणाला कसं बडवलं ते मिटक्या मारत सांगितलं. नव्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशक बिचकला. बाबा फाइल घेऊन घरातच दादाच्या टेबलाशी आले.

"‘मारलं’ असेल तिथे ‘समजावलं’ कर."

"मारलं तर मारलंच म्हणा ना, बाबा." दादाला त्यांच्याकडून आयुष्यात एवढंच हवं होतं.

"सांगितलं तेवढं कर!"

दादाने केलं. आपली भाषा द्वाड, आपण हाकही मारतो, उडीही आणि गप्पाही. दादाने ते सगळे मार स्क्रिप्टमधून वगळले. उरले दोनशे चौदा. ते खरे.

बाबा दुरुस्त पानं छापून घेऊन मोठ्याने वाचायला लागले. "पोराला पट्ट्याने समजावलं. कानातून रक्त आलं." पान उलटलं. "बायकोला काठीने समजावलं. दोन दात पडले." आवाज बसला, मग चढला. "थट्टा करतोस, कार्ट्या?"

"सांगितलंत तेवढंच केलं."

बाबांनी हातातली काठी त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली, कीबोर्डवर रक्त सांडलं. दुसरी खांद्यावर, तिसरी पाठीत. चाळिशीचा बाप्या मुकाट खात होता. मी ओरडले, पण मध्ये पडले नाही. लाज वाटते सांगायला.

आई आतून आली. काठी हिसकून तिने बाबांच्या मनगटावर सपकन ओढली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हात कसा मोडला?"

"जिन्यात घसरलो," बाबा म्हणाले.

"नाही," भुवईवर रुमाल दाबून दादा म्हणाला. "आईने मारलं. आणि मला यांनी मारलं. तसंच लिहा."

डॉक्टरीणबाईंनी आईकडे पाहिलं.

"हो, मारलं," आई म्हणाली.

तिला एका दमात जमलं. बाबांना अजून जमलेलं नाही.